जग्वार ते रानमांजर

दादा,

सिंह खांद्याला वाघापेक्षा उंच असतो, हे तू शेवटी मान्य केलंस. वृंदा वहिनी स्वयंपाकघरात होती, तुमची मिहू शाळेत होती, म्हणजे साक्षीदार कुणी नाही. पण मी माझ्या कानांनी ऐकलंय. "खांद्याला सिंह उंच, मान्य. पण..." एवढं बोललास आणि तुझा डोळा लागला. उठलास तोवर सूप आलं होतं, नर्स आली होती, विषय निघून गेला होता. तो "पण" तसाच राहिला. त्याच्यापुढे काय येणार होतं ते मला माहीत आहे म्हणा. वजन. इतकी वर्षं आपण भांडतोय आणि तू दर वेळी शेवटी वजनावर येतोस.

परवा तुला जंगलात ठेवून आलो. आज मी न्युरेम्बर्गला माझ्या घरी आहे, ऑफिसला सुट्टी टाकली आहे. लोकांचे फोन येताहेत. सगळे हळू आवाजात बोलतात आणि मीही हळू आवाजात बोलते, कारण त्यांना कसं सांगू की मला बरं वाटतंय? रडू येतं, मधेच भांडी घासताना येतं. पण रडून झालं की आतून मोकळं मोकळं वाटतं. वर्षभर छातीवर काहीतरी येऊन बसलं होतं ते उठून गेलंय. हे तुला सांगितलं तर तू रागावणार नाहीस. तू विचारशील, बसलं होतं ते काय होतं आणि साधारण किती वजनाचं.

तुझं हे मापाचं वेड ओतूरला मामाच्या शेतावर सुरू झालं. उसात बिबट्या शिरला होता. गावात त्याला सगळे वाघच म्हणायचे, आणि प्रत्येकाने पाहिलेला वाघ आदल्या माणसाच्या वाघापेक्षा मोठा असायचा. एकाला तो वासराएवढा दिसला, दुसऱ्याला रेड्याएवढा. मग जंगलखात्याने पिंजरा लावला, वाघ सापडला आणि अख्खं गाव बघायला लोटलं. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, मला काही आठवणं शक्य नाही. पण गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की माझ्या डोळ्यांसमोर सगळं आहे. तू मोठ्या माणसांच्या पायांतून वाट काढत पुढे गेलास, पिंजऱ्यापाशी उभा राहिलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "एवढासाच?"

लोक हसले. मामा म्हणाला, पोरगं नाराज झालं, त्याला हत्तीएवढा वाघ हवा होता. तेव्हापासून तुझी नाराजी हा आपल्या घरातला कायमचा विनोद. ताटात लाडू पडला की बाबा म्हणायचे, आता म्हणेल बघा, एवढासाच?

त्यानंतर तू मोजत सुटलास. जुने शिकारी वाघ मोजताना कशी लबाडी करायचे हे मला तुझ्याकडून कळलं. नाकापाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकापाशी दुसरी, मधलं सरळ अंतर घेतलं की वाघ जेवढा असेल तेवढाच भरतो. टेप पाठीच्या उंचवट्यांवरून फिरवत नेला की तोच वाघ ऐटीत लांब होतो. शेजारच्या काकांच्या कुत्र्यावर तू दोन्ही रीती करून दाखवल्यास आणि कुत्रा दुसऱ्या मापाच्या वेळी तुला चावला. तू वाघाचा, म्हणून मी सिंहाची. त्याला दुसरं काही कारण नव्हतं. तू म्हणायचास, वाघ जास्त वजनदार. मी म्हणायचे, सिंह खांद्याला उंच. तू म्हणायचास, वाघ एकटा शिकार करतो, त्याला कुणाची मदत लागत नाही. मी म्हणायचे, सिंहाला निदान घरचं माणूस तरी असतं. आई म्हणायची, दोघेही उठा आणि पाणी भरा.

पुढे तू जर्मनीत गेर्लिंगेनला आलास आणि कंपनीत ड्रॉइंग तपासायला बसलास. दुसऱ्यांनी काढलेल्या मापांत चुका शोधायच्या, हे काम जणू तुझ्यासाठीच कुणीतरी काढून ठेवलं होतं. तुझ्या मागून मी न्युरेम्बर्गला आले, सॉफ्टवेअरमध्ये, आणि मीही दुसऱ्यांच्या चुकाच काढते. आपल्या घराण्याचा धंदाच तो. इथे आले तेव्हा ॲनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, रांगेत तू माझ्याबरोबर उभा होतास. घर मिळेना तेव्हा तूच घरमालकाशी फोनवर बोललास, आणि माझ्या पहिल्या हिवाळ्यात दर रविवारी फोन करून विचारलंस की खिडकी उघडून हवा घेतलीस का. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. भावाचे मानतात का कुठे?

पहिल्याच उन्हाळ्यात तू, वहिनी आणि बाबागाडीतली मिहू माझ्याकडे आलात आणि आपण प्राणिसंग्रहालयात गेलो. वाघ फेऱ्या मारत होता. सिंह झोपला होता, त्याचं नुसतं पोट दिसत होतं. तू वहिनीला समजावत होतास की कातडी काढून दोघांना शेजारी ठेवलं तर भल्याभल्यांना ओळखता येत नाही, कवटी नीट बघावी लागते. वहिनी म्हणाली, मग तुम्ही दोघं लहानपणापासून भांडताय कशावरून? आपण आइस्क्रीम घेतलं.

आणि तो गणपती आठव. जर्मनीने फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकला त्या वर्षीचा. मंडळाने हॉल घेतला होता आणि मुलांचा कोपरा तुझ्याकडे दिला होता. तू ठरवलंस, जगातले मोठे शिकारी प्राणी खऱ्या मापात काढायचे. ब्राउन पेपरचे रोल आणलेस. ध्रुवीय अस्वल, तपकिरी अस्वल, वाघ, सिंह, जग्वार, बिबट्या, चित्ता, लांडगा, सगळ्यांच्या बाह्यरेषा कापून भिंतीवर ओळीने लावल्यास. प्रत्येकाचं माप पुस्तकांतून घेतलंस, दोनदा तपासलंस. तपासणं हेच तुझं काम, त्यामुळे कुणी विचारायचंही कारण नव्हतं.

मुलं आली तेव्हा भिंतीवरचा वाघ अस्वलाच्या पुढे निघून गेला होता. अंग संपता संपत नव्हतं, आणि पुढे शेपटी तर थेट टॉयलेटच्या दारावर गेली होती. दार उघडलं की शेपटी हलायची. वहिनी मोदकांचं पातेलं घेऊन चालली होती, ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "हा वाघ आहे की डॅशहुंड?"

चूक कुठे झाली ते मला कळलं होतं आणि मी सांगून टाकलं, मोठ्या आनंदाने. एका पुस्तकात वाघाची लांबी शेपटीसकट दिली होती, दुसऱ्यात सिंहाची शेपटी सोडून. तू वाघाची पूर्ण लांबी नुसत्या धडाला दिलीस आणि वर शेपटी वेगळी जोडलीस. तू ऐकून घेतलंस. आरती झाली, प्रसाद तुझ्या हातात तसाच. मग म्हणालास की चूक मापात नाही. मापं बरोबर आहेत. बेझुग चुकला. बेझुग म्हणजे तुझ्या ड्रॉइंगमधली ती जागा, जिथून सगळी मापं धरायची. दोघांनी दोन ठिकाणांहून मोजायला सुरुवात केली की दोघांचंही बरोबर असतं आणि वाघाचा डॅशहुंड होतो. गेनाऊ, अगदी बरोबर, असं तू स्वतःलाच म्हणालास आणि हसायला लागलास. तेव्हापासून आपल्या घरात कुणाचं भांडण जुंपलं की तिसरा माणूस म्हणायचा, तुमचा बेझुग वेगळा आहे.

त्या दिवशी आणखी एक झालं. त्याचा अर्थ मला खूप नंतर लागला. भिंतीवर तू लिहिलं होतंस "कोण मोठं?" पण मुलांना त्यात रस नव्हता. त्यांना कोण जिंकेल ते हवं होतं. वाघ विरुद्ध सिंह, जग्वार विरुद्ध बिबट्या, अस्वल विरुद्ध सगळे. मिहू टेबलाखाली बसून ऐकत होती आणि खालूनच तिने जर्मनमध्ये विचारलं की ब्लाउवाल, म्हणजे निळा देवमासा, तो बारके बारके जीव खातो, ते जीव प्राणीच आहेत, तर मग सर्वांत मोठा शिकारी तो नाही का? तू भिंतीकडे बघितलंस, हॉलची लांबी बघितलीस आणि म्हणालास, जा, तू जिंकलीस. जाहीर हार मानताना मी तुला तेवढंच बघितलंय. मग एका मुलाने चित्त्याकडे बोट दाखवून म्हटलं की हा तर सगळ्यांशी हरणार. तू खुर्ची ओढून बसलास आणि त्याला सांगितलंस की चित्ता भांडतच नाही. त्याने केलेली शिकार सिंह किंवा तरस हिसकावायला आले की तो सोडून देतो आणि चालू लागतो. भित्रा म्हणून नाही. जखम झाली तर पळता येणार नाही, आणि पळता आलं नाही तर मग चित्ता म्हणून उरलं काय? मुलगा ऐकून घेऊन वाघाकडे गेला. मिहू टेबलाखालीच होती.

मग गेल्या वर्षी तुझ्या पोटात गाठ निघाली. तू मला ऑफिसात फोन केलास आणि पहिलं वाक्य होतं, "शमे, मापलंय. अक्रोडाएवढी आहे." मी जिन्यात जाऊन बसले. तू उलट मला धीर देत होतास. मापलेली गोष्ट बरी, म्हणालास, आठवडाभर ती माझ्या डोक्यात कलिंगडाएवढी होती.

उपचार सुरू झाले आणि तू उतरायला लागलास. दर आठवड्याला दवाखान्यात वजन व्हायचं, आणि आकडा ऐकला की वहिनी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. म्हणून तू घरात किलो बंद केलेस. त्याऐवजी प्राणी सांगायला लागलास. लग्नात तू जग्वार होतास, फोटो आहेत, पोटही आहे. एके दिवशी तुझा मेसेज आला, "आजपासून प्यूमा." मी लिहिलं, प्यूमा दिसायला छान असतो. नंतर बरेच दिवस काही नाही, मग "बिबट्या, पण ओतूरचा नव्हे, बऱ्यापैकी." मला हसू यायचं आणि मग फोन पालथा ठेवावा लागायचा. जेवताना तू मिहूलाही सांगायचास. ती मान हलवायची, जर्मनमध्ये एखादा प्रश्न विचारायची आणि आपल्या खोलीत जायची. वहिनीला हा खेळ पोरकट वाटायचा. तिने तसं मला सांगितलं होतं. तिचं म्हणणं होतं की हे सगळे फालतू विनोद आहेत आणि आपल्याला लढायचंय.

वसंतात तू चित्ता झालास. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आणखी एका उपचाराबद्दल सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही. थोडे महिने वाढतील, कदाचित, पण त्यातले बरेचसे दवाखान्यात जातील. सोमवारी जाऊन सही करायची होती. वहिनीने बॅग भरून ठेवली होती.

मी शनिवारी आले. तू मला बाल्कनीत बसवलंस, वहिनीच्या कुंड्यांमध्ये, अंगावर दोन ब्लँकेटं. म्हणालास, मला आता थांबायचंय. आणि वृंदाला ते तू सांग.

मी चिडले. आजारी माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू आजारी असलास तरी माझा भाऊ होतास. मी म्हटलं, वाघ ना तू? एकटा, कुणाची मदत न लागणारा? मग स्वतःच्या बायकोला स्वतः सांग. तू हसला नाहीस. रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत बोललास.

"ती शेपटीसकट मोजतेय, शमे. मी शेपटी सोडून मोजतोय. दोघांचंही बरोबर आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की माझा बेझुगच हलतो."

मी हो म्हटलं. रविवारी जेवण झाल्यावर सांगेन, म्हटलं. रात्रभर वाक्यं जुळवली, सकाळी सगळी मोडली.

रविवारी वहिनीने मऊ भात केला होता, वरण, तूप, लिंबाची फोड. तुला तेवढंच जात होतं आणि तेही जात नव्हतं. मी पहिला घास घेतला आणि ठरवलं, भात संपल्यावर. मग ठरवलं, ताक झाल्यावर. वहिनीला बहुधा कळत होतं, कारण तीच एकसारखी बोलत होती. उद्या किती वाजता निघायचं, मिहूला शाळेतून कोण आणणार, दवाखान्यात ब्लँकेट घरचं न्यायचं. आणि मग म्हणाली की या उपचाराने फरक पडेल, आपण लढणार आहोत, शेवटपर्यंत लढणार आहोत, हो की नाही? ती तुला विचारत होती. तू ताटाकडे बघत होतास. मी तोंड उघडलं आणि ताकाचा घोट घेतला.

"पापा इस्ट येट्स्ट आइन गेपार्ड," मिहू म्हणाली. पापा आता चित्ता आहे. तिने मान वर केली नव्हती, भातात बोटांनी रेघा ओढत होती. "उंड आइन गेपार्ड केम्फ्ट निश्ट. एअर गेट व्हेग."

चित्ता भांडत नाही. तो निघून जातो.

मग ती भराभर बोलत गेली, सगळं जर्मनमध्ये, सगळं ताटाला सांगितल्यासारखं. सिंह आले तर तो शिकार ठेवून देतो. भित्रा नसतो. जखम झाली तर त्याला पळता येत नाही. म्हणून तो उठतो आणि सावलीत जाऊन बसतो, आणि तिथे त्याला कुणी त्रास देत नाही. टेबलाखाली बसून तिने जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं, तुझ्या थांबण्याच्या जागांसकट. मला वाटायचं, या मुलीपर्यंत आपलं काही पोचतच नाही.

तू तिच्याकडे बघत होतास आणि तुझे डोळे भरले होते. वहिनी उठली, स्वयंपाकघरात गेली. मी नळाची वाट बघत होते. नळ सुटला नाही. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ उघडाच राहिला, मग बंद झाला. ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा धुवायलाही ती गेली नव्हती, तसाच ओला होता.

"मग चित्त्याला खायला काय हवंय, ते तरी सांग," ती तुला म्हणाली.

तू म्हणालास, "श्रीखंड."

दादा, वर्षभरात त्या घरात मी श्वास घेतला तो तेव्हा. सोमवारी तुम्ही दवाखान्यात गेलात, पण रिकाम्या हाताने, बॅग घरीच ठेवून. डॉक्टरांनी तुमचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन दुखणं सांभाळणाऱ्या लोकांशी गाठ घालून दिली. वहिनीने तुर्की दुकानातून दही आणून टांगलं. वेलची घरात होतीच. तू चार चमचे खाल्लेस आणि म्हणालास की साखर कमी आहे. ती म्हणाली, चित्त्याने तक्रार करू नये. मग दोघंही हसलात, आणि मी बाहेर कुंड्यांना पाणी घालायला गेले, तुम्हाला तेवढी जागा हवी होती म्हणून.

पुढचे दिवस चांगले गेले. हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी स्वतःची समजूत घालतेय. तसं नाही. दुखणं आटोक्यात होतं. तुझा पलंग खिडकीशी होता. तू आईशी स्काइपवर रोज बोलायचास, ती रोज विचारायची जेवलास का, आणि तू रोज खरं सांगायचास. आईला सगळं सांगून टाकलं होतंस. तीच म्हणाली की गुडघ्यांनी मला तिथवर येऊ दिलं नसतं, पण असं समोर दिसतोस ते पुष्कळ. एकदा ऊन होतं म्हणून आम्ही तुला चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेलं. मिहू पुढे, वहिनी ढकलायला, मी औषधाची पिशवी धरून. तू मागे वळून बघितलंस आणि म्हणालास, हा तर कळप झाला, सिंहांचा. माझ्या बाजूने तू मारलेला तो पहिला गोल. मी तो मोजून घेतला आहे.

आपल्यात एक बोलायचं राहिलं, ते इथेच सांगते. लहानपणी मला तू सर्वांत मोठा वाटायचास, वजनालाही आणि खांद्यालाही. तोंडावर म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, शेपटीसकट का? म्हणून म्हटलं नाही.

परवाचं सांगते. जंगल तूच निवडून ठेवलं होतंस, जिथे झाडांखाली अस्थिकलश ठेवतात. आईची हरकत नव्हती. गोदावरी काय आणि झाड काय, ती म्हणाली, तिथल्या मातीत इतकी वर्षं राहिला, तिथेच राहू दे. पाऊस नव्हता. बीचची झाडं, वाट थोडी चिखलाची. तिथल्या गृहस्थाने विचारलं, कलश घरचं कुणी नेणार का? मी पुढे होणार होते, पण मिहूने हात आधीच पुढे केले होते.

झाडापाशी पोचल्यावर तिने तो लगेच खाली ठेवला नाही. डोळे मिटले, कलश दोन्ही हातांत जरासा वर उचलला, जरासा खाली घेतला. तू भाजी घेताना तिला तसं करायला लावायचास, आधी हाताने अंदाज, मग काटा. आम्ही थांबलो. तो गृहस्थही थांबला, त्याला वाटलं असेल ही आमच्याकडची रीत आहे.

"व्हिल्डकात्से," ती म्हणाली.

"रानमांजर," वहिनी म्हणाली, मला कळलं नसेल म्हणून. तिने मिहूच्या गळ्यातला स्कार्फ नीट केला आणि म्हणाली, या जंगलात परत आलीत म्हणे रानमांजरं, तुझा बाबा सांगायचा. मग तिघींनी मिळून तुला खाली ठेवलं.

दुपारी गेर्लिंगेनच्या घरातून आईला फोन लावला. सगळं सांगितलं, मिहूने वजन कसं केलं तेही सांगितलं. आई हसली, मग रडली, मग पुन्हा नीट बोलायला लागली. मी म्हटलं, आई, लहानपणापासून त्याला सगळं मोठंच हवं होतं, बिबट्या बघून नाराज झाला होता, आणि आता स्वतःच रानमांजराएवढा झाला.

"नाराज?" आई म्हणाली. "तुझ्या मामाला काय कळतंय. वाघाच्या भीतीने तो कितीतरी दिवस अंगणात जात नव्हता. अंथरूण ओलं करायचा, माझा पदर सोडायचा नाही. पिंजऱ्यापाशी एवढासाच म्हणाला तेव्हा हसत होता तो. घरी आला, पोटभर जेवला आणि जो झोपला तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठला."

म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुझी थट्टा केली ती भलत्याच गोष्टीवरून. तू कधी खोडून काढलं नाहीस. लाडूवरून चिडवलं तरी हसायचास. आणि अक्रोडाएवढी आहे असं सांगताना तुझा आवाज हलका का होता, तेही मला परवा आईचा फोन ठेवल्यावर कळलं.

संध्याकाळच्या गाडीने मी परत निघाले. पिशवीत वहिनीने दिलेला डबा होता. खिडकीशी बसले आणि झाडाखालची ती जागा डोळ्यांसमोर आणली. वर्षभर ज्या दिवसाला मी घाबरत होते तो दिवस आला होता, मी त्याच्याजवळ उभी राहिले होते आणि आता तो मागे पडत होता. एवढासाच रे दादा, मी मनात म्हटलं. डबा उघडलासुद्धा नाही. न्युरेम्बर्गला गाडी रिकामी झाली तेव्हा कंडक्टर बाईंनी खांद्याला हात लावून मला उठवलं.